कपाळाच्या कातडीचं नाक की सिलिकॉनचं?

काष्टी, मंगळवार, संध्याकाळ

कॅन्सरमुळे नाक काढून चार महिने झाले. जखम भरली, तरी मी घरातही पट्टी लावूनच वावरते. आज नगरच्या डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. ऑपरेशन केलं तर कपाळाची कातडी खाली वळवून नाक करतात. तीन आठवडे ती डोळ्यांच्या मधे सोंडेसारखी लोंबणार, मग पुन्हा ऑपरेशन. पण ते नाक माझ्या अंगाचं असेल. फक्त त्याआधी वर्षभर थांबायचं, कारण कॅन्सर उलटला तर नव्या नाकाखाली लवकर कळणार नाही.

सिलिकॉनचं महिन्याभरात मिळेल. रोज चिकटवायचं, रोज काढायचं. नमुन्याचं एक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. किती हलकं होतं!

एसटीत ह्यांना विचारलं, "वर्षभर अशीच राहू मी?"

"चिकटवायचं नाक नगं," हे म्हणाले. "वर्गात शिकवताना घामानं पडलं तर पोरं हसतील. वरीस काय, जाईल निघून."

ह्यांना म्हणायला काय जातंय? ते हलकं नाक अजून हातात असल्यासारखं वाटतंय. मला ते तरी कुठे हवंय? माझं होतं तेच हवंय.

घरी आल्यावर ह्यांच्यासमोर पट्टी काढली. चार महिन्यांत पहिल्यांदाच. "बघा," म्हटलं.

त्यांनी बघितलं आणि मटकन खाली बसले. मग म्हणाले, "पुढच्या म्हैन्यातच आणू ते नाक."

मी जिंकले म्हणायचं का? त्यांना इतकं भयंकर दिसलं, एवढंच मनात राहिलंय.