नानांचं गाऱ्हाणं

२४ जाने., शनि.
मनालीने जेवताना सांगितलं. पोरगी घाटकोपरला बिल्डरांच्या संघटनेच्या ऑफिसात आहे, तिथे कानावर आलं. आमच्या मैदानावर पार्किंगचा टॉवर व्हावा म्हणून बिल्डरांच्या आमच्या नगरसेवकाकडे फेऱ्या चालू आहेत. मैदानाबद्दल पालिकेत शुक्रवारी सुनावणी आहे, तिथे बस भरून भाड्याची माणसं आणणार, "आम्ही इथलेच, आम्हाला टॉवर हवा" असं बोलायला. आणि आम्ही बावळट निवेदनं देत फिरतोय! रहिवासी संघाची चिटणीस मी, सुनावणीत बोलायचंही मीच, नाचक्की माझीच.
"आई, माझं नाव कुठे घेऊ नकोस हां."
नाही घेणार. फक्त नानांना सांगते, अध्यक्ष आहेत ते.

२५, रवि.
नाना म्हणाले, प्रत्येकाने आपापलं लाइट बिल घेऊन जायचं, भाड्याची माणसं इथल्या पत्त्याचं बिल कुठून आणणार? झकास! बातमी कुणाची ते पोटात ठेवा म्हटलं. "शपथ गो, कोणाकच सांगूचंय नाय."

२६, सोम.
वाट लागली.
सोसायटीची सत्यनारायणाची पूजा. आरतीनंतर नानांनी दरवर्षीसारखं गाऱ्हाणं घातलं. देवापुढे काही लपवायचं नाही, ही त्यांच्या गावची रीत. मैदान झालं, भाड्याची माणसं झाली, आणि मग माझंच नाव घेऊन, "आमच्या सुमनच्या चेडवान बिल्डरांच्या हापिसातली बातमी हाडल्यान, तिच्या केसाक धक्को लागू देव नको रे महाराजा!" सगळे ओरडले, "व्हय महाराजा!" पहिल्या रांगेत हात जोडून नगरसेवकाचा माणूस, दिलीप. तोही ओरडला. मग वळून माझ्याकडे बघून हसला. प्रसाद दोनदा घेतला मेल्याने.
नानांना जिन्यात गाठलं. "शपथ घेतली होती ना?"
"अगो, माणसांक खय सांगलंय? देवाक सांगलंय."
मागितलं तेही माझ्याच पोरीसाठी.
मनाली मैत्रिणीकडे बोरीवलीला. तिला सांगायचं कसं...

२७, मंगळ.
सांगितलं. पांढरीफटक पडली. तरी कामावर गेली. दिवसभर फोन वाजला की पिठाच्या हातानेच उचलला. संध्याकाळी म्हणाली, ऑफिसातल्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, घरी कोण कोण असतं? बाकी काही नाही.
"ओरडले का?"
"नाही गं. चहा मागवला."
ओरडले असते तर बरं होतं.

२८, बुध.
दुपारी दिलीप घरी. निवडणुकीत याच मेल्याला आम्ही पोळीभाजी करून घातली, आपला माणूस म्हणून. सोफ्यावर मांडी ठोकून बसला. "काकू, बिल्डरांचीही मागणी, तुमचीही मागणी. लोकशाही आहे, आमचे नगरसेवक साहेब सगळ्यांचं ऐकतात. शुक्रवारी उभं राहून एवढंच म्हणा, संघाची हरकत नाही. मनालीताईंना कशाला त्रास? स्टेशनवरून एकट्याच येतात ना, नाल्याकडून?" आवाज एकदम गोड.
मी "बरं" म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.
नानांना सांगायची हिंमत नाही.

२९, गुरु.
मनालीला दिलीपचं सगळं सांगितलं, म्हटलं, उद्या हरकत मागे घेते. वाटलं, तिला सुटल्यासारखं वाटेल. तिने ताट सरकवलं. "मग मी तुला सांगितलंच कशाला?"
"तुला काही झालं तर?"
"आणि आता रोज त्याच ऑफिसात मान खाली घालून बसू? आपल्याला विकत घेतलं म्हणून हसतील ना ते!"
भांडी घासताना रडले. मैदान गेलं खड्ड्यात, मला पोर हवी.
पण तीही घाबरलीय. आत जाऊन पडली आणि तिथूनच म्हणाली, उद्या स्टेशनवर घ्यायला येशील? कॉलेजातसुद्धा कधी म्हणाली नव्हती.

३०, शुक्र., सकाळ
रात्रभर डोळा नाही. ऐन वेळी आजारी पडावं असंही मनात आलं. पण मग नाना उठून हरकत घेतील, आणि दिलीपला मी फसवलं असंच वाटणार.
मनाली डबा घेऊन गेली. दारात चप्पल घालताना म्हणाली, "आई, तू काय बोललीस ते आमच्या ऑफिसात लगेच कळेल. मी तिथेच बसलेली असेन."
सुनावणीला निघायला खालून नाना हाका मारतायत. साडी नेसून बसलेय, उठवत नाही.