वर्नाचा पाय, माझा ग्लव्ह

मी, इर्मा लुडके, वय एक्कावन्न, राहणार कॅल्डर फॉल्स, विस्कॉन्सिन, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी मागे न लागता ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवते. सोमवारी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. मरायचा विचार नाही, पण डॉक्टर फारच पोरगेला दिसतो. शाळा सहावीत सुटली. चुका वकिलांनी काढू नयेत.

१. घर व गाडी भाऊ ऑटो यास. गाडीचं दार लाथ घातल्याशिवाय उघडत नाही.

२. बायकांच्या बेसबॉल संघात मी आठ वर्षं पगारी कॅचर होते. आखूड स्कर्टमध्ये धुळीत घसरायचं, मांड्या सोलवटायच्या, आणि स्कर्ट वर गेला की मालक दंड लावायचे. तो स्कर्ट जाळावा. माझी मोडकी बोटं शवपेटीत सरळ करायला कोणी जाऊ नये. मला जमलं नाही, तुम्हाला काय जमणार?

३. आता ग्लव्ह. १९४९ची अंतिम मॅच. वर्ना कोझलिक, तेव्हा पलीकडच्या संघातली, आता माझी शेजारीण, घसरत आली. रन पुरा करायला होम प्लेटला, जमिनीतल्या त्या पांढऱ्या पाटाला, पाय लागावा लागतो; तिचा बाजूने गेला. मी बॉल तिच्या पाठीला टेकवला, म्हणजे ती आऊट. धुरळ्यात अंपायरने सेफ, म्हणजे नाबाद दिलं आणि त्या एका रनने चषक गेला. तेव्हापासून तिला विचारतेय, पाय लागला होता का. ही म्हणते, "अंपायरला विचार." तो केव्हाच मेला. माझ्या अंत्यविधीच्या जेवणात सर्वांसमोर "मी आऊट होते" म्हणाली तर ग्लव्ह तिचा. नाहीतर भाची लॉइसचा.

४. हे कलम आत्ता वाढवलं. वर्ना बटाट्याचं सॅलड घेऊन आली, तिला म्हटलं साक्षीदार हो. वकील हॅडली म्हणाले, "साक्षीदाराला यातलं काही मिळणार नाही. दुसरं कोणी बघा."

वर्नाने कलम वाचलं. "मेल्यावर कबुली? अगं बये, मग ऐकणार कोण? नको मला तुझा ग्लव्ह. आण ते पेन!"

"आधी हात पूस, सॅलड लागलंय."

तेव्हा ग्लव्ह लॉइसचा.

इर्मा लुडके (सही)
कॅल्डर फॉल्स, १४ मे १९७१

साक्षीदार :
१. ए. हॅडली, वकील
२. वर्ना कोझलिक. मी आऊट होते. स्कर्ट खाली ओढायला गेले आणि पाय हुकला. हे लोकांना कुठल्या तोंडाने सांगणार होते? झालं समाधान? आता सोमवारी मेलीस तर बघ.