महाल नव्हे, कबर

पप्पा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसावर कसला राग धरायचा, असं चर्चमधल्या बायका म्हणतील. म्हणू देत. झालं असं की आपल्या भागातल्या काही हौशी मंडळींनी नगरवर एक पुस्तिका काढायची ठरवलं. बाहेरून आलेल्याने इथे काय बघावं, गाव कसं वसलं, माणसं कशी राहतात, असं सगळं थोडक्यात. तुमची, म्हणजे सरांची, मुलगी म्हणून शहराची ओळख लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी कागद पुढे ओढला आणि पहिल्याच वाक्याला तुमचा आवाज आला, ‘नगर समजायचं असेल तर आधी डोंगरावर चढा, मग खाली उतरा.’ मग काय, सगळं तुमच्याच क्रमाने येत गेलं. भुईकोट किल्ला आणि त्याचा खंदक, निजामशाहीत डोंगराकडून गावात पाणी आणणारे खापरी नळ, फराहबाग, भिंगारची छावणी, आपल्या चर्चचा मनोरा, कापडबाजारातली गर्दी. उड्डाणपूल तेवढा मी माझ्या पदरचा घातला. दोन पानं भराभर झाली आणि डोंगरावरच्या त्या इमारतीपाशी येऊन हात थांबला. तिचं नाव काय लिहू?

सगळं नगर तिला चांदबिबीचा महाल म्हणतं. रिक्षावाले म्हणतात, सहलीला येणारी पोरं म्हणतात, पाथर्डीच्या गाडीचा कंडक्टर म्हणतो. तुम्ही एकटे म्हणायचात, ती सलाबतखानाची कबर आहे, निजामशाहीच्या वजिराची, तिथे चांदबिबी एक रात्रसुद्धा राहिलेली नाही. हायस्कुलात इतिहास शिकवायचात, तुमचंच खरं होतं. पण खरं बोलण्याची तुम्हाला एवढी खाज होती की समोर कोण आहे, कधी आहे, हे बघायचात नाही. केस कापणाऱ्यालासुद्धा खुर्चीत बसल्या बसल्या सुधारायचात. आता तर शहराचंच नाव बदललंय, आणि आई अजून नगरच म्हणते. तुम्ही असतात तर तिला रोज दारात उभं करून नवीन नाव घोकून घेतलं असतंत.

नाताळाच्या आदल्या आठवड्यातला तो दिवस तुमच्या लक्षात तरी होता का? मुंबईहून पाहुणे आलेत, त्यांच्यात एक पाळकसाहेब आणि त्यांची बायको. स्वयंपाकघरात करंज्यांचा घाणा चालू आहे, तेलाचा वास पडवीपर्यंत येतोय. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांना डोंगरावर नेणार आहात. नेहमीसारखाच डबा आई करणार, बाजरीच्या भाकरी, सुकं मटण, लसणाचा ठेचा. कमानीत बसून जेवताना तुमचे पाहुणे त्या डब्याची काय तारीफ करायचे! पप्पा, आईचा डबा कितीदा तरी तो डोंगर चढला. आई एकदाही चढली नाही. त्या रात्री जेवायला वाढताना तीच आपण होऊन बोलली. पाहुण्यांपुढे ती सहसा तोंड उघडायची नाही, पण पाळकसाहेबांची बायको तिच्याशी दोन शब्द मायेने बोलली होती, तेवढ्यानेच तिला धीर आला असणार. म्हणाली, “उद्या मी बी येते चांदबिबीच्या म्हालावर. डबा पाटंच करून ठिवते.”

आणि तुम्ही हसलात. “महाल नव्हे हो, कबर! सतराशे साठ वेळा सांगितलं. काय करणार, मिरजगावचा माल, घासून घासून किती उजळणार?” आईच्या माहेरावरच्या या विनोदाला पाहुणेही हसले. पाळकसाहेब तर ठसका लागेस्तोवर हसले. आई म्हणाली, “व्हय, कबर,” आणि वाटी घेऊन आत गेली. सकाळी डबा बांधून तयार होता. तुम्ही विचारलंत, “येतेस ना?” ती म्हणाली, “नळाला पानी यायचंय.” तुम्ही “बरं” म्हणालात आणि डबा उचललात. बस. मला राग त्या विनोदाचा इतका नाही, जितका या ‘बरं’चा आहे. एकदा पुन्हा म्हणायचं होतंत, चल गं, पाणी शेजारच्या भरतील. त्यानंतर किती पाहुणे आले, किती वर्ग तुम्ही वर नेलेत! ती कधी येते म्हणाली नाही आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि तुमच्या शोकसभेत एकामागून एक लोक उठून सांगत होते, सरांनी आम्हाला नगर दाखवलं. आई पहिल्या ओळीत बसून मान हलवत होती. मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं होतं.

तर गेल्या रविवारी चर्च सुटल्यावर मी आईला गाडीत घातलं. आता रस्ता पार वरपर्यंत जातो. तिचे गुडघे गेलेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तरी भल्या पहाटे उठून तिने डबा केलाच. मी नको म्हणाले तर माझ्यावरच डाफरली, “मोकळ्या हातानं जायचं व्हय तिथं?” वर गेलो. भिंतींवर कोळशाने नावं लिहिलेली, कमानीत वेफर्सच्या पिशव्या. त्याचाही राग आलाच, पण तो तुमच्या खात्यावर नाही. खांद्याला धरून तिला पायऱ्या चढवल्या. बारीक वारा होता. मी तिला किल्ल्याभोवतीची झाडी दाखवली, छावणी दाखवली, एमआयडीसीच्या शेड दाखवल्या. ती नुसती “हां, हां” करत राहिली. मग म्हणाली, “एवढं मोठं हाय व्हय आपलं गाव?” साठ वर्षं त्या गावात राहिलेली बाई हे म्हणते, पप्पा.

तेवढ्यात पुण्याकडची दोन तरुण मुलं वर आली. त्यातल्या एकाने आईला विचारलं, “आजी, हाच ना चांदबिबीचा महाल?” मी मनात म्हणाले, म्हण आई, मोठ्याने हो म्हण, इथे तुला सुधारायला कोणी नाही. मी एवढ्यासाठीच तर तिला आणलं होतं. आईने पदर सारखा केला आणि म्हणाली, “म्हाल न्हाई बाळा, कबर हाय. सलाबतखानाची.”

“पण सगळे महालच म्हणतात,” तो म्हणाला.

“म्हनत्यात. म्हनू द्या.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलं पलीकडे गेल्यावर मी तिच्यावरच ओरडले, की अगं, अजून त्यांचंच चालवतेस? ती डब्याचं फडकं सोडत होती. तिने भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. म्हणाली, “खरं तेच हाय. तुजे पप्पा खोटं कदी बोलले न्हाईत. पन चार मान्सांत बोलायला नगं हुतं.” मग ठेचा काढला आणि आम्ही जेवलो. ती डोळे बारीक करून खाली गावाकडे बघत राहिली. निघायची तिला बिलकूल घाई नव्हती.

घरी येऊन मी ओळख पुरी केली. लिहिलं, सलाबतखानाची कबर, जिला सगळं नगर चांदबिबीचा महाल म्हणतं. खाली एक ओळ वाढवली, डबा घेऊन जावं, आणि डबा करणारीलाही न्यावं. पुस्तिकावाले ती ओळ काढा म्हणतायत. मी काढणार नाही.

हे पत्र आईला वाचून दाखवणार होते. पण ती ऐकता ऐकता तुमचीच बाजू घेईल आणि मग माझा राग टिकायचा नाही. म्हणून ते माझ्यापाशीच ठेवते. एक तेवढं सांगते, पप्पा. कमानीत उभी राहून मी तिला किल्ला दाखवत होते तेव्हा तुमच्यासारखंच बोट लांब करून, तुमच्यासारखंच ‘तो बघा’ म्हणाले. आई हसली, आणि मला तुम्ही तिथे हवे होतात.