चौदा फुटांची भिंत

४ नोव्हेंबर, सकाळ
खोली मिळाली. लॉजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून. ठरलंय असं: लॉजवाल्या काकूंच्या जेवणाच्या हॉलमधली चौदा फुटांची भिंत रिकामी आहे. तिच्यावर इथल्या किनाऱ्याचा अख्खा पॅनोरमा, म्हणजे भिंतभर लांब फोटो, मी काढून द्यायचा. पसंत पडला तर सीझनभर लॉजचा फोटोग्राफर मीच, खोली-जेवणासकट. नाही पडला तर वीस तारखेला दाजींच्या टाइल्सच्या गोडाउनमध्ये हजर. ताईने रडून-भेकून मला एवढी मुदत मिळवून दिली. दाजी तिला म्हणाले म्हणे, तुझ्या भावाने एक काम पुरं केलेलं दाखव, मी धंदा सोडतो. त्यांनी आता दुसरा धंदा बघावा.

काकूंची एकच अट. चित्रात आपला लॉज उठून दिसला पाहिजे. हो म्हटलं. गिऱ्हाइकाला कला म्हणजे दुकानाची पाटी.

संकल्प: उद्यापासून पाचला उठणे.

५ नोव्हेंबर, १०.४०
उठलो. पहिला दिवस धरायचा नसतो.

बाजारात भाड्याने लेन्स देणारा एक म्हातारा आहे. मी त्याला भिंगोबा म्हणतो. तीन स्वेटर घालून बसतो आणि न विचारता शिकवतो. माझ्या कॅमेऱ्यासोबत आलेली पन्नास एमएमची लेन्स पुष्कळ आहे म्हणाला. कॅमेरा उभा धर, फ्रेममागून फ्रेम घे, प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर थोडी चढव. वर आणखी, "आणि लेन्सचं नंतर. आधी उभं कुठं राहायचं ते ठरव. समोरच्या टेकाडावर चढून बघ जरा."

टेकाड समोरच दिसतं, पण रस्त्याने वळसा घालून चार किलोमीटर. गच्ची माझ्या दाराबाहेर. याला म्हणतात नियोजन.

चौदाची वाइड लेन्स घेतली. सगळा समुद्र एका घासात.

८ नोव्हेंबर
वाइड फोटो काकूंना दाखवला. त्यांनी फडक्याने स्क्रीन पुसली. दोनदा. तो ठिपका दीपस्तंभ होता.

वाइड लेन्स ही आळशी लोकांची सोय आहे, हे मला आधीपासून माहीत होतं. परत केली. लांबचं जवळ आणणारी दोनशेची टेली आणली. भिंगोबा हसला. दात दोन, पण हसण्यात कंजुषी नाही.

पन्नासची लॉजच्या आचाऱ्याला देऊन टाकली. तो ती उलटी धरून डब्यांवरची बारीक तारीख वाचतो. तिची लायकी तेवढीच.

९, १०, ११, १२ नोव्हेंबर
ढग. (दहाला नव्हते, पण विश्वास ठेवण्यासारखं आकाश नव्हतं.)

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
काढला! गच्चीवरून, सेहेचाळीस फ्रेम. एकोणिसावी झाली आणि आचाऱ्याने चहाला हाक मारली. तो पूर्वी बोटीवर होता. एकदा बोटीत शिरलेल्या बकरीची गोष्ट त्याने सांगायला घेतली. बकरी सापडेपर्यंत दोन-अडीच तास गेले. वर येऊन विसावीपासून पुढे सुरू.

१६ नोव्हेंबर
फ्रेम जोडल्या. डाव्या बाजूला भरती, उजव्या बाजूला ओहोटी. मध्ये समुद्र सुरीने कापल्यासारखा. शिवाय मी डावीकडून उजवीकडे वळत होतो आणि मासेमारीचा एक मचवाही तिकडेच चालला होता. तो सात वेळा आला आहे.

विचारांती: काळाचा प्रवाह. आणि किनारा गजबजलेला वाटतो. छापायला दिला.

१८ नोव्हेंबर, रात्रीची जेवणं झाल्यावर
भिंतीवर लावला. पाहुणे पानावरून उठून मचवे मोजू लागले. एकाने आठ मोजले, त्यावरून त्याची बायकोशी जुंपली. कलेने माणसं जवळ येतात.

काकू मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या.

"सगळं आहे रे. आपला लॉज कुठाय?"

मी समजावून सांगितलं की मी लॉजच्याच गच्चीवर उभा होतो, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या.

"म्हणजे माझ्या डोक्यावर बसून माझा फोटो काढलास होय?"

पाहुणे हसले. बकरीची गोष्ट सांगणारा आचारीही हसला. अडाण्यांच्या गावात दीपस्तंभसुद्धा खांबच असतो. काकू म्हणाल्या, चित्र राहू दे, मुलं मचवे मोजतात तोवर जेवतात तरी. खोली मात्र परवा लागेल.

२० नोव्हेंबर, बसमध्ये
टेली सकाळीच भिंगोबाच्या अंगावर टाकली. त्याने विचारलं, "टेकाडावर गेलास का?" पिशवी उचलून स्टँडवर आलो. अपमान गिळायला मोठं मन लागतं.

बस त्याच टेकाडावरून जाते. माथ्यावर इंजिन तापलं, ड्रायव्हरने सगळ्यांना उतरवलं.

समोर अख्खा किनारा. दीपस्तंभ, मचवे, वाळूची कोयती. आणि बरोबर मधोमध, टाकीसकट, लॉज. सगळा देखावा भिंतीच्या मापाचा. माणसाच्या साध्या नजरेत मावेल एवढाच. गच्चीवर आचारी काहीतरी डोळ्यापाशी धरून उभा होता. डबा असावा.

पिशवीतून कॅमेरा काढला, डोळ्याला लावला. नुसता धुरकट उजेड. पुढे लेन्सच्या जागी भोक.

शेजारची म्हातारी म्हणाली, "काढ की, बाळा. एवढं छान दिसतंय."

तिला सांगितलं, उजेड बरोबर नाही.