दुतोंड्याचा बांध

आबा, काल तापीकाठच्या शेतात जेसीबी बोलावला होता. पपईसाठी सगळा तुकडा एकसारखा करायचा, हे मीच ठरवलं होतं आणि तुमचा तो रेताड बांध नेमका मध्ये येत होता. तुम्ही असता तर दोन दिवस माझ्याशी बोलला नसता, पण जेवायला माझी वाट बघत नक्की बसला असता.

त्या बांधाला तुम्ही कधी नांगर लागू दिला नाही. सालदाराला दरवर्षी तेच सांगायचात, "तठे हात लावू नको, मन्हा दुतोंड्या ऱ्हास." तिथे राहणाऱ्या त्या सापाला पुस्तकात मांडूळ म्हणतात. भुसभुशीत मातीत शिरून बसणारा, बिळात घुसून उंदीर गिळणारा. त्याची शेपूट बोथट, म्हणून लोकांना ते दुसरं तोंड वाटतं, हे तुम्ही मला त्याला हातात घेऊन दाखवलं होतं. याने चाटलं की कोड फुटतं, असं शेजारी म्हणायचे, तर तुम्ही मुद्दाम त्यांच्यासमोर त्याला मांडीवर घ्यायचात. भारी मिजास होती तुमची.

मी सातवीत असताना उंदरांनी भुईमूग पोखरला होता आणि तुम्ही चार दिवस खांडबाऱ्याला आत्याकडे गेला होतात. परत आल्यावर शाबासकी द्याल म्हणून मी उंदरांचं औषध पिठात कालवलं आणि बांधावरच्या बिळाबिळात गोळे टाकले. तिसऱ्या दिवशी दुतोंड्या बिळाच्या तोंडाशी मरून पडला होता, पोटात उंदराचा फुगवटा. त्याला निंबाखाली पुरलं आणि घरी येऊन मुकाट्याने भाकरी थापल्या. त्यानंतर तुम्ही जन्मभर त्या बांधाजवळ औत वळवत राहिलात. "मातीमा दडेल शे तो," म्हणायचात आणि मी मान डोलवायचे. फार लाज वाटायची, आबा.

काल बांधाची कड जराशी फुटली आणि ड्रायव्हरने मशीन थांबवलं. "ताई, दुतोंड्या शे. धरी लेऊ का?" मी ढेकळं हाताने बाजूला केली. वीतभर लांबीचं, तांबूस पिल्लू होतं. बघता बघता मातीत शिरलंसुद्धा. मी मशीन परत पाठवलं. पपईच्या दोन ओळी कमी येतील, येऊ देत. फुटलेली कड फावड्याने लावली, तुमच्यासारखी काही जमली नाही.

हे पत्र कपाटातच राहील. शेवटच्या आजारात दवाखान्यात तुम्ही विचारलं होतं, दुतोंड्या दिसतो का, आणि मी म्हटलं होतं, "हा आबा, कालदिनच दखायना." दिसला म्हणाले, ते खोटं होतं. काल मात्र खरंच दिसला.