दिवसाआड मांजरी

३ मार्च २०२६, मंगळवार

नोटीस आली. परिवहन कार्यालयाची, रजिस्टर पोस्टाने. भिंग लावून दोनदा वाचली. वर्षभरात पाच वेळा अतिवेग — लायसन्स निलंबित का करू नये, याचा खुलासा १६ तारखेला समक्ष येऊन करावा. पाचही वेळा कात्रजच्या बायपासवर. मर्यादा साठ, आणि मी म्हणे ऐंशीच्या वर.

मी! अठ्ठेचाळीस वर्षं गाडी चालवतोय. मंदाकिनी शेजारी बसून म्हणायची, "अहो, बैलगाडी पुढे गेली." कॅमेरे बिघडलेत, दुसरं काय.

४ मार्च, बुधवार

मांजरीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जाऊन आलो. दिवसाआड जातोच. अर्धांगाचा झटका आल्यापासून, म्हणजे चौदा महिने, मंदाकिनी तिथल्या शुश्रूषा केंद्रात आहे. उजवी बाजू गेली. बोलते, पण एकेक शब्द शोधून. मी भरवलं तर नीट जेवते. तिथल्या बायांच्या हातून दोन घास घेते आणि तोंड मिटते.

नोटिशीचं सांगितलं नाही. लायसन्स गेलं तर धायरीच्या घरून तिथवर कसा जायचा मी? दोन बस बदलून, या गुडघ्यांनी?

७ मार्च, शनिवार

ऋचा आली होती, बाणेरहून. एकुलती लेक. नोटीस टेबलावरच राहिली होती, वाचली तिने.

"बाबा, शहात्तर वय आहे तुमचं. बास झालं आता."

म्हटलं, आईकडे कोण जाणार?

"मी रविवारी जाते ना."

रविवारी. म्हणजे बाकीचे सहा दिवस आईने उपास धरायचा! कॅबने जा म्हणाली. परतीला तिथून कॅब मिळत नाही, मागे दीड तास उभा होतो. ते ऐकायला ती थांबली नाही. चहा तसाच राहिला.

९ मार्च, सोमवार

कोणाचाच फोन नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज थोडक्यात टळलं.

मांजरीच्या अलीकडे, भर दुपारी, उसाची ट्रॉली कडेला उभी. अगदी शेवटी ब्रेक दाबला. उसाचे शेंडे काचेला टेकले. ट्रॉलीवाला आला. ओरडला नाही. खिडकीत वाकून म्हणाला, "आजोबा, येवढी मोठी ट्रॉली हाय, दिसली न्हाय व्हय?" प्यायला पाणी दिलं. पोपट नाव त्याचं. ट्रॉलीच्या सावलीत त्याची बायको तान्ह्याला पाजत बसली होती. माझ्या चाकापासून चार हातांवर.

मंदाकिनीला भरवताना चमच्यातलं सांडत होतं. "काय... झालं?" काही नाही म्हटलं. परतीला इतका हळू आलो की सगळे मागून हॉर्न मारत होते.

१४ मार्च, शनिवार

आज मांजरीचा दिवस. किल्ली हातात घेऊन बसून राहिलो. गेलो नाही.

१६ मार्च, सोमवार

रिक्षाने संगम पुलाजवळच्या कार्यालयात. अधिकारी मॅडम ऋचाच्याच वयाच्या. खुलासा पाठ करून गेलो होतो — कॅमेरे सदोष, चालक ज्येष्ठ, आजवर एकही अपघात नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"फोटोतली गाडी तुमचीच ना? नंबर वाचून दाखवा."

म्हटलं, "चष्मा विसरलो."

"काका, चष्मा नाकावर आहे."

तीन महिने निलंबन. नंतरही डोळ्यांचा दाखला आणल्याशिवाय गाडी नाही. लायसन्स तिथेच जमा केलं.

१७ मार्च, मंगळवार

इथे तरी खरं लिहावं.

गेल्या एप्रिलपासून मला वेगाचा काटा दिसत नाही. जिथे बघावं तिथे मधोमध धुरकट डाग. पुढच्या गाडीचा अंदाज घ्यायचा आणि ती पळेल तसं मागे पळायचं — असा मांजरीला जात होतो. वेग किती, मला कधीच माहीत नव्हतं. हेही जाड स्केचपेनने लिहितोय, ओळ चुकतेय. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण ते काय सांगतील ते ठाऊक होतं.

कॅमेरे बरोबर होते. पोपटची बायको, ते तान्हं — आणि मी घरी येऊन कॅमेऱ्यांना नावं ठेवत होतो.

१९ मार्च, गुरुवार

बसने निघालो. कात्रजला बस बदलायची होती. एकाही बसचा नंबर वाचता आला नाही. विचारायची लाज वाटली. दोन तास बाकावर बसलो आणि घरी आलो.

२१ मार्च, शनिवार

केंद्रातून सिस्टर मिसबाचा फोन. "काका, कधी येताय? मावशी आजपण नुसतं दूध प्यायल्या." उद्या येतो म्हणालो. कशाने येतो, ते तिने विचारलं नाही. नऊ दिवस झाले. मंदाकिनीला वाटत असेल, कंटाळला हा माणूस.

२२ मार्च, रविवार

ऋचाला फोन करून डोळ्यांचं सांगितलं. ती रडली. मला रडूही आलं नाही. तासाभरात गाडी घेऊन दारात आली. आईकडे पोचल्यावर उतरताना माझा हात धरला.

६ एप्रिल, सोमवार

मांजरीच्या केंद्रातूनच लिहितोय. गाडी विकली. धायरीच्या घराला कुलूप. सामान ऋचाने आणून दिलं.

मंदाकिनीने विचारलं, "परत... किती... वाजता?"

म्हटलं, "आता परत नाही जायचं. ही पलीकडची कॉट माझी."

ती डावा हात लांब करून माझ्या कॉटवरची चादर सरळ करायला लागली.