पत्र्यावरचा पंजा

सातारा, बुधवार, १२ जुलै १९४४

अजून विश्वास बसत नाही. सांगलीच्या डॉक्टरांची जुनी मोटार नवी करायला घेतली, बॉनेटचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, आणि लढाईमुळे अस्तराचा रंग कुठे मिळेना. त्यात ही सर्द हवा. मागे माझाच हात चुकून लागला, तर दुसऱ्या दिवशी तिथे पाच बोटांचा तांबडा ठसा! तेव्हापासून कुणाला जवळ फिरकू देत नव्हतो.

परवा वडूजकडचे म्हातारे धनगर घोंगडी द्यायला आले आणि सरळ बॉनेटवर पंजा टेकून उभे राहिले. केवढ्यांदा ओरडलो मी! "आधी हात काढा!" ओशाळले बिचारे.

आज सकाळी पाहतो तर सगळ्या पत्र्यावर गंज. फक्त त्यांचा पंजा लखलखीत, बोटं न् बोटं. देवापुढे उभं राहावं तसा उभा राहिलो.

बाजारात त्यांना गाठलं. म्हणाले, "आवं मिस्त्री, मेंढरू पावसात भिजून कुजतंय व्हय? लोकरीतच त्याल असतंय. आमचा हात जलमभर त्यातच हाय." ओंजळभर न धुतलेली लोकर दिली.

संध्याकाळी गंज घासून लोकर चोळली. पाणी शिंपडलं, थेंब घरंगळले. वीस वर्षं लोखंडात काढली, आणि माझ्या हाताने लोखंड गंजावं?

पंज्याच्या जागी पॉलिश पेपर फिरवला नाही. तिथे आपला हात ठेवून पाहावा असं फार वाटलं. नाही ठेवला.